नस चमकत नाही, टर्बियम चमकतं

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "शास्त्रज्ञांनी नसेत धातू सोडला आणि नस हिरवीगार उजळली! धातू नसेत शिरून ताकद देतो हे सिद्ध झालं. हातापायाला मुंग्या येतात? रोज चिमूटभर भस्म घ्या."

असे प्रयोग होतात, तेवढं खरं. पुढचं सगळं ठिगळकाम.

"नस उजळली." नस (म्हणजे मज्जातंतू) नाही, टर्बियम या धातूचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू. तोही नुसत्या पाण्यात जेमतेमच चमकतो. पेशीच्या पटलातल्या (बाहेरच्या पातळ पडद्यातल्या) प्रथिनाला तो चिकटला, शेजारी ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसिन (प्रथिनाचेच घटक) असलं आणि २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा अतिनील प्रकाश टाकला, की प्रथिन शोषलेली ऊर्जा त्याच्याकडे सोपवतं. मग ५४५ नॅनोमीटरला हिरवा उजेड दिसतो. गंमत पुढे आहे: प्रथिनाची स्वतःची चमक काही नॅनोसेकंदांत विझते, टर्बियमची मिलिसेकंदभर रेंगाळते. म्हणून दिवा बंद करून क्षणभर थांबायचं आणि मग मोजायचं. तेव्हा उरतो तो फक्त टर्बियमचा उजेड.

"धातू नसेत शिरतो." पटल ओलांडणं त्याला सहसा जमतच नाही, आणि संशोधकांना हवं असतं तेही हेच. टर्बियमचा आकार कॅल्शियमच्या जवळपास, विद्युतभार मात्र दोनाऐवजी तीन. त्यामुळे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा तो बाहेरूनच कॅल्शियमची जागा बळकावतो. चमकला, की कॅल्शियम कुठे बसत असणार ते कळतं.

"ताकद देतो." इथे तर हद्द झाली भो! कॅल्शियम आत आल्याशिवाय मज्जातंतूच्या टोकातून पुढच्या पेशीला निरोप जात नाही. टर्बियम आणि त्याचा भाऊबंद धातू लँथेनम ही मंडळी कॅल्शियमची तीच वाट अडवतात. ताकद कसली, निरोपच खोळंबतो.

आणि भस्माचा इथे संबंध काय? हे प्रयोग होतात ते प्राण्यांच्या काढून घेतलेल्या नसांवर आणि पटलांच्या तुकड्यांवर, प्रयोगशाळेत. तो अतिनील प्रकाश माणसाच्या कातडीपलीकडे जातही नाही. काही भस्मांत शिसं असतं, नागभस्म तर शिशाचंच. शिशाची विषबाधा झाली की नसा दुबळ्या होतात, मनगट लुळं पडून लटकतं.

मुंग्यांमागे बऱ्याचदा मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरता निघते. दोन्ही रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात, आणि ती धुळ्या-नंदुरबारलाही होते.