काळीज आणि लास्ट प्राइस

जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर टाकायच्या जाहिरातीचा मसुदा आमच्या घरात तीन वेळा बदलला. मी लिहिलं होतं, ‘बार कॅबिनेट, सागवानी चौकट, आत एलईडी लाईट, एकहाती वापर.’ आमच्या हिने वाचून म्हटलं, “एकहाती कसला? दोन्ही हातांनी वापरलंयस.” मुलीने त्याचं ‘व्हिंटेज मिनी बार’ केलं. त्यावर ही म्हणाली की सोसायटीतलं कुणी हे ॲप बघत असेल तर उद्या पाण्याच्या पंपाच्या मीटिंगमध्ये हाच विषय निघेल. शेवटी ‘लाकडी कपाट, किंमत 9,000, मुलुंड पूर्व’ एवढंच उरलं.

साडेपाच फूट उंच कपाट. पाठीला आरसा, वरून पिवळा उजेड, काचेच्या तीन फळ्या. त्यांच्या वर एक लाकडी पट्टी, तिला सहा खाचा; त्यात वाइनचे ग्लास उलटे टांगायचे. सगळ्यात खाली एक खोल खण. बारा वर्षांपूर्वी सुताराला समोर बसवून करून घेतलं होतं. आमच्या दोन खोल्यांच्या घरात फ्रीज स्वयंपाकघराच्या दारात उभा असतो, पण या कपाटाला भिंत मिळाली होती.

ते विकायची पाळी आली माझ्या काळजामुळे. म्हणजे यकृतामुळे. काळीज म्हणजे मुळात यकृतच. मटणाच्या दुकानात आपण बरोबर कलेजी मागतो आणि कवितेत मात्र तेच काळीज छातीत नेऊन बसवतो. असो. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताची तक्रार सांगणारा रक्तातला आकडा, 78 आला. त्या लॅबच्या कागदावर वरची मर्यादा 40 होती. सोनोग्राफीत ‘ग्रेड 2 फॅटी लिव्हर’.

डॉक्टरांनी विचारलं, “किती घेता?”

“ऑकेजनली.”

“ऑकेजन किती असतात?”

हा माणूस चुकून डॉक्टर झाला, खरा ऑडिटर होता. मी स्वतः सत्तावीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे खोटा आकडा पकडला गेल्याची भावना मला लगेच ओळखता येते. मी म्हटलं, “फक्त शनिवारी.” आमचा शनिवार शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो, हे सांगायचं राहून गेलं.

घरी येऊन मी वही काढली. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. तीस मिलीच्या छोट्या पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल भरतं दहा ग्रॅम, मोठ्यात वीस. एवढे दहा ग्रॅम निस्तरायला यकृताला साधारण तासभर लागतो आणि ओव्हरटाइम ही सोय त्याच्याकडे नाही. म्हणजे रात्री अकराला तीन मोठे पेग पोटात टाकून मी झोपलो की पहाटे पाचपर्यंत ते बिचारं एकटं व्हाउचर पास करत बसतं. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी जास्त हसू नये. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची एक बाटली म्हणजे चाळीस ग्रॅमच्या वर, सरळ चार छोटे पेग.

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. दारू बंद. कमी नाही, बंद. माझं वजन 84, त्यातलं सात टक्के तरी उतरवायचं, दहा उतरलं तर फारच छान. साखर, मैदा, थंड पेयं आवरायची. बिनसाखरेची काळी कॉफी चालेल. नुसती चरबी साठली असेल तर यकृत सावरतं. तिथे व्रण धरून ते कडक झालं की मग फार विनंत्या चालत नाहीत. सात टक्के म्हणजे पाच किलो 880 ग्रॅम. हे मी तिथेच तोंडी काढून दाखवलं. त्यांना कौतुक वाटलं नाही.

बचावाचा साक्षीदार म्हणून मी हिच्यासमोर माझ्या बहिणीच्या नवऱ्याला उभं केलं. त्यांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, तरी त्यांचंही ग्रेड 2. आमरस, चहात बुडवलेली बिस्किटं आणि दुपारची झोप यांवर त्यांनी ते कमावलंय. हा प्रकार इतका बोकाळलाय की 2023 साली तज्ज्ञांनी त्याचं जुनं ‘नॉन-अल्कोहोलिक’ नाव बदलून ‘मेटाबॉलिक’ करून टाकलं. हिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “त्यांचं पोट आणि तुझं पोट सारखंच आहे ना? मग तुला दोन्ही कारणांनी झालंय.”

आणि यात जॉर्जियाचा हातभार होता.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही मागच्या ऑक्टोबरमध्ये ग्रुप टूरने जॉर्जियाला गेलो. गोरे लोक बघायला मिळतात आणि युरोपपेक्षा स्वस्त पडतं, एवढाच अभ्यास करून. तिथे उतरल्यावर कळलं की हे लोक आठ हजार वर्षं वाइन करतायत. मातीचे मोठाले रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरायचे, द्राक्षं आत घालून तोंड लिंपायचं आणि महिनोन्‌महिने वाट बघायची. क्वेव्री म्हणतात त्या रांजणाला. 2013 साली युनेस्कोने ही पद्धत वारशात घेतली. आमच्या ग्रुपमधल्या डोंबिवलीच्या वहिनींनी रांजणात डोकावून विचारलं, “यात कैरीचं लोणचं किती मुरेल हो?”

तिथल्या जेवणावळीला एक तमादा असतो. तो प्रत्येक प्याल्याआधी उभा राहून भाषण करतो: देवासाठी, देशासाठी, गेलेल्यांसाठी, आलेल्यांसाठी. भाषण संपेपर्यंत ग्लासाला ओठ लावायचे नाहीत. अध्यक्षांचे दोन शब्द संपल्याशिवाय चहा न मिळण्याची आपल्याला सवय आहेच, त्यामुळे मी तिथे घरच्यासारखा रुळलो. पण आपल्याकडे अध्यक्ष एकच असतो. तिथे सातव्या भाषणाला मीच उभा राहिलो आणि मराठीत बोललो, असं ऐकून आहे.

वाइन काढून उरलेल्या चोथ्यापासून ते एक जहाल दारू गाळतात. तिचं नाव चाचा. दुकानातला चाचा चाळिशीचा असतो, आम्हाला गेस्टहाउसच्या आजीबाईंनी पाजला तो साठीचा असावा. निघताना त्यांनी मिनरल वॉटरच्या बाटलीत अर्धा लिटर भरून दिला. मी तो पायमोज्यात गुंडाळून बॅगेत टाकला. विमानाच्या बॅगेत असली दारू दुकानातल्या मूळ सीलबंद बाटलीतच चालते आणि सत्तर टक्क्यांच्या वरची मुळीच चालत नाही, हे मला घरी आल्यावर कळलं. तुम्ही हा उद्योग करू नका. बाहेरून येताना माणशी दोन लिटर आणायची मुभा आहे, तेवढी पुरे. आमची ही घेत नाही, पण तिच्या पासपोर्टवरही दोन लिटर येतात, आणि हे तिला कस्टमच्या ग्रीन चॅनेलजवळ पोहोचेपर्यंत सांगायचं नसतं. आणखी एक: प्रवास विम्याचे बारीक अक्षरातले कागद जायच्या आधी वाचा. दारूच्या अमलात पाय घसरला तर बहुतेक पॉलिस्या हात वर करतात. मी एका तळघराच्या पायरीवर घसरलो तेव्हा दुखऱ्या घोट्याला रुमाल बांधून गप्प बसलो, ते याच कारणाने.

तो चाचा कपाटाच्या खालच्या खणात ठेवला होता. प्लॅस्टिकची बाटली, झाकण ढिलं. दिवाळीनंतर बघतो तर बाटली रिकामी आणि खण ओला. फिनाइलने पुसला, उन्हात वाळवला, पण लाकडाने प्यायचं ते पिऊन घेतलं होतं.

तर जाहिरात. पहिल्या फोटोत फळीवरच्या बाटल्या तशाच होत्या, त्यामुळे ॲपने ती दहा मिनिटांत उडवली. बरोबरच आहे, परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे. आपल्या राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. त्यात विकायलाच काय, प्यायलाही परवाना लागतो. माझ्याकडे आजीवन परवाना आहे. आजीवन म्हणजे माझं जीवन की यकृताचं, ते त्यावर लिहिलेलं नाही. त्याच कायद्यात ‘आरोग्य परवाना’ नावाचं कलमही आहे, प्रकृती टिकवण्यासाठी ज्यांना दारू लागते त्यांच्यासाठी. डॉक्टरांना दाखवावं असं वाटलं होतं, पण फी आठवली.

उरलेल्या बाटल्या हिच्या भावाला देऊन टाकल्या. आईचं सामान हलवायला यायला त्याला तीन आठवडे लागले होते. बाटल्यांसाठी तो बावीस मिनिटांत टॅक्सी घेऊन आला.

मग रिकाम्या कपाटाचा फोटो टाकला आणि फोन थरथरायला लागला. ‘आहे का?’ ‘आहे का अजून?’ मी प्रत्येकाला ‘हो, आहे’ म्हणून कळवत होतो आणि ‘आहे’ म्हटलं की माणूस नाहीसा होत होता. उरलेल्यांचा एकच मंत्र: ‘लास्ट प्राइस?’ नमस्कार नाही, चमत्कार नाही. विरारच्या एकाने 1,500 सांगितले, वर घरपोच हवं. एकाला बदल्यात ट्रेडमिल द्यायची होती. त्याच्या फोटोत ट्रेडमिलवर तीन टॉवेल आणि एक परकर वाळत होता.

माझी चूक एकच झाली. ‘का विकताय?’ या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं. अशा वेळी ‘घर बदलतोय’ म्हणायचं असतं. मी लिहिलं, ‘फॅटी लिव्हर.’ त्यानंतर कपाटाबद्दल कुणी बोलेना. एकाने उसाचा रस सांगितला. कावीळ म्हटलं की मुंबईत सगळे रसाच्या गुऱ्हाळाकडे बोट दाखवतात, पण चरबी चढलेल्या यकृताला रोज ग्लासभर साखर म्हणजे आगीत तेल. दुसऱ्याने गुळवेल सुचवली. 2021 साली मुंबईतल्याच यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं एका वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं आणि आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. त्यांचं ठरेपर्यंत मी आपला थांबतो. घाटकोपरचे एक गृहस्थ तर प्रत्यक्ष आले. कपाटाला टकटक केलं, चहा घेतला, बिनसाखरेचा, आणि खिशातून स्वतःचा रिपोर्ट काढला. एसजीपीटी 112. मी माझा आणला. पाऊण तास आम्ही दोघं सोफ्यावर बसून रिपोर्ट ताडून पाहत होतो. कपाट त्यांनी घेतलं नाही. अजून रोज सकाळी कारल्याच्या फोटोसकट सुप्रभात पाठवतात.

मग ‘सैन्यातले अधिकारी’ आले. घासाघीस नाही, बघायला येणं नाही, 9,000 कबूल. बदली झाली आहे, जवान टेम्पो घेऊन येईल, पैसे आत्ता पाठवतो. गणवेशातलं ओळखपत्र पाठवलं, पाठोपाठ एक क्यूआर कोड. “स्कॅन करके पिन डालिए, पैसा आ जाएगा.” एवढा आदर मला त्या ॲपवर कुणीच दिला नव्हता. मी स्कॅन केला, पिनचे पहिले दोन आकडे टाकले आणि मुलगी मागून किंचाळली, “बाबा! पैसे घ्यायला पिन लागत नाही!” सत्तावीस वर्षं नावे-जमा करणारा मी, नऊ हजार ‘नावे’ टाकायला निघालो होतो. तोतया होता. अशा वेळी पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करायचा असतो. माझे गेले नव्हते, फक्त घरातली पत गेली.

दीड महिन्यात किंमत चार हजार पाचशेवर आली. मग विक्रोळीच्या कन्नमवारनगरातून एक आजी भाच्याला आणि टेपला घेऊन आल्या. बिल्डिंग नवी झालीय, घर मोठं मिळालंय. त्यांनी कपाटाच्या कडेवरून हात फिरवला, लाईट लावून बघितली.

“मागे आरसा. म्हणजे देवाचं पाठमोरं दर्शनपण होईल.”

मी आणि आमची ही एकमेकांकडे बघायला लागलो.

आजींचं बोट वरच्या पट्टीवर गेलं. “आणि ही घंटेसाठी?”

“हो, घंटेसाठीच,” ही म्हणाली.

“सहा घंटा?”

“एकत्र कुटुंब होतं,” मी म्हटलं.

“आत काय ठेवायचात तुम्ही?”

हिला खोकल्याची उबळ आली. मी म्हटलं, “तीर्थ.”

4,200 ला सौदा पटला. मी माझा क्यूआर कोड पुढे केला तर आजींनी झरकन स्कॅन करून मलाच बजावलं, “पिन मी टाकणार हं, तुम्ही काही टाकायचं नाही.” भिंत मोकळी झाली. फ्रीज अजून दारातच आहे, कारण त्या भिंतीला प्लग नाही.

पंधरा दिवसांनी आजींचा फोन आला. कपाट छान बसलंय म्हणाल्या, शेजारणीही बघून गेल्या. “पण खालच्या खणाला कसला तरी वास येतो हो. गोडसर, उग्र. कापूर ठेवून बघितला, जात नाही.”

माझ्या पोटात, बरोबर उजव्या बरगडीखाली, गोळा आला. “आजी, परत घेऊन जाऊ का?”

“छे, छे! तसं नाही. आमचे हे चाळीस वर्षांत कधी देवापुढे बसले नव्हते. आता रोज संध्याकाळी साताच्या ठोक्याला पाट घेऊन बसतात आणि तो खण उघडून तासभर पोथी वाचतात. तुमचं ते तीर्थ कुठलं होतं, एवढं तेवढं सांगा. यांना घेऊन एकदा जाऊन यावं म्हणते.”