पार्किंगचे पैसे घ्या, पण आधी बस सोडा!

हिंजवडीत ऑफिसच्या तळघरात गाडी लावायचे आता कंपनी दरमहा पगारातून पैसे कापते. वर सल्ला, "सार्वजनिक वाहतूक वापरा". कुठली वापरू? संध्याकाळी फेज तीनच्या थांब्यावर उभं राहून बघा. बस येते तीच दारात लोंबकळणारी माणसं घेऊन, आणि न थांबता पुढे जाते. इंग्लंडात नॉटिंगहॅमला २०१२ पासून ऑफिसच्या पार्किंगवर असा कर आहे. पण तो पालिका वसूल करते कंपन्यांकडून, तेही ११ किंवा जास्त जागा असतील तर, आणि पैसा जातो ट्रामला. आमच्या पगारातून कापलेला पैसा कुठे जातो? त्यातून एक तरी बस वाढली? पैसे द्यायला ना नाही हो! आधी दर दहा मिनिटांनी बस सोडा, मग खुशाल कापा.