टिप टॅप

स्वीडनमधल्या चार हिवाळ्यांत मी बर्फात सायकल चालवली, आंबवलेला हेरिंग मासा नाक न दाबता गिळला. पण हरलो तो टोम्तेपुढे.

टोम्ते म्हणजे लाल टोपीचा, पांढऱ्या दाढीचा बुटका. मूळचा शेतघराचा राखणदार, अगदी आमच्या कोकणातल्यासारखा. मान ठेवलात तर गोठा सांभाळणार, विसरलात तर भोगा! नाताळच्या रात्री त्याला लापशी ठेवायची, वर लोण्याचा गोळा. एका घरी म्हणे लोणी चुकून तळाशी राहिलं. वर दिसेना, म्हणून या गृहस्थाने गायच मारली. मग खाता खाता तळाशी लोणी सापडलं. 1881 साली व्हिक्टर रिडबर्गच्या कवितेसाठी येनी न्यूस्ट्रमने त्याची चित्रं काढली, पुढे नाताळच्या कार्डांवरही तो तिच्याच हातून घरोघरी पोचला, आणि होता होता राखणदाराचा भेटवस्तू वाटणारा झाला.

नोव्हेंबरपासून आमच्या घरात लेकीचं एकच गाणं. 'टिप टॅप, टिप टॅप, टिपे टिपे टिप टॅप.' मध्यरात्री घर झोपलं की टोम्ते कोपऱ्यांतून चवड्यांवर येतात, टेबलावर ठेवलेलं जेवण चापतात, झाडाभोवती नाचतात आणि सगळं जागच्या जागी ठेवून पसार होतात. लेकीने पूर्ण गाणं अंगी बाणवलं, फक्त आवरून ठेवण्याचं कडवं सोडून.

24 डिसेंबरला एका स्वीडिश मित्राकडे जेवायला बोलावलं होतं. तीन वाजता सगळ्यांनी टीव्हीवर डोनाल्ड डक पाहिला. त्यानंतर घरातला बाप 'जरा पेपर घेऊन येतो' म्हणून बाहेर पडतो आणि नेमका तेव्हाच टोम्ते येतो, अशी इथली रीत. पण मित्राच्या पोरांनी गेल्या वर्षी बापाला ओळखलं होतं. म्हणून दाढी माझ्या गळ्यात पडली.

बोलायचं एकच वाक्य. 'इथे कोणी स्नेल्ला मुलं आहेत का?' स्नेल्ला म्हणजे गुणी. तीन दिवस बाथरूममध्ये घोकलं. दार उघडलं, दाढीचा कापूस तोंडात गेला आणि बाहेर पडलं 'स्नोला'. म्हणजे कंजूष.

क्षणभर शांतता. मग मित्राच्या धाकट्याने थोरल्याकडे बोट दाखवलं.

तेही निभावलं असतं. पण सवयीने मी दारातच बूट काढले होते. लेक माझ्या पायांकडे बघत राहिली. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

"आई, टोम्तेने बाबाचे मोजे चोरले!"

मग झाडाभोवती नाच. लेकीचा हुकूम होता की टाचा टेकायच्या नाहीत. ब्याण्णव किलोंचा टोम्ते लाकडी जमिनीवर चवड्यांवर टिप टॅप करायला लागला की खिडकीतल्या मेणबत्त्याही हलतात. चौथ्या फेरीला पोटरीत असा गोळा आला की मी अस्सल मालवणीत ओरडलो.

रात्री लापशीचा वाडगा पुढे आला. वर लोणी दिसेना. मी आधी चमचा तळापर्यंत घालून पाहिला.