लेकरांच्या भांडणात पंच होऊ नका

मे लागला की आमच्या परभणीत दोन गोष्टी भडकतात, ऊन आणि शिबिरांच्या जाहिराती. यंदा एका फलकावर चार वर्षांच्या लेकरांसाठी 'सोशल स्किल बॅच' दिसली. फी वाचली आणि स्कूटी पुढं काढली. शिबिरवाल्यांशी माझं वैर नाही. पण चारचौघांत मिसळायला, वाट बघायला, हरायला शिकायची सोय घरात फुकट होती, ती आपण बंद का पाडली?

४२ अंशांत दुपारी लेकरू बाहेर सोडता येत नाही, कबूल. आपल्याकडच्या दुपारी कायम अशाच होत्या, म्हणून तर अष्टाचंगा, सागरगोटे, भातुकली. फरशीवर खडूनं पंचवीस घरं आखायची, चार चिंचोके दगडावर घासून एका बाजूनं पांढरे करायचे. चारी पांढरे पडले की चार, चारी काळे पडले की आठ. या पटावर आजी, नात आणि शेजारचं पोरगं बसवा. सोंगटी मरते, राग गिळावा लागतो, पुन्हा पहिल्या घरातून निघावं लागतं. "मपला नंबर हाय!" यावरून कलकलाट होतोच, आणि नेमके तेव्हा आपण स्वयंपाकघरातून हुकूम सोडतो, "दे गं त्याला, लहान हाय तो." झालं, डाव मोडला.

थांबा की जरा. मारामारीवर आलं किंवा सगळे मिळून एकालाच छळायला लागले तर जरूर उठा. एरवी "मग आता कसं करायचं म्हणता?" एवढंच विचारा. पोरं तोडगा काढतात. आपल्याला तो अन्यायाचा वाटला तरी त्यांचं त्यात भागतं.

मुद्दाम हरूही नका. आजोबा मंडळींना ही खोड फार. घरात कायम जिंकणारं नातवंड गल्लीत पहिल्याच डावाला भोकाड पसरतं. त्यापेक्षा कच्च्या लिंबाची रीत बघा. लहानग्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. सवलत उघड, सगळ्यांना माहीत असलेली, आणि दिलेलीही पोरांनीच. पोरांच्या राज्यघटनेतलं मला सगळ्यात आवडणारं कलम हेच.

वयाचं भान मात्र ठेवा. दोन वर्षांच्या लेकराला 'शेअर कर' म्हणून दटावता कामून? मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९३२ मध्येच लिहून ठेवलंय की एवढी लहान मुलं शेजारी शेजारी बसतात, पण आपापलंच खेळतात. मिळून खेळणं पुढं हळूहळू येतं. तेव्हा त्याला हावरट ठरवू नका, दोघांना दोन वाट्या द्या आणि मोकळे व्हा.

भातुकली पोरींचीच म्हणून पोरांना हाकलणं हा तर निव्वळ येडेपणा. दुकान-दुकान मांडा, पुढ्यात शेंगदाणे ठेवा. एरवी मूठ भरून तोंडात कोंबणारं पोरगं दुकानदार झालं की दाण्याला हात लावत नाही, निदान थोडा वेळ तरी. दुकानदार आपलाच माल खात नसतो ना! व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं हेच होतं. सोंग घेतलं की मूल त्या सोंगाचे नियम आपणहून पाळतं आणि वयापेक्षा मोठं वागतं. गिऱ्हाईक तुम्ही व्हा. घासाघीस करा, उधारी मागा, दिली नाही तर रुसून बसा. तुम्हाला मनवायला तो काय काय बोलतो ते ऐका. तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, आधी तुमचा.

घरी एकच लेकरू असेल तर दुपारी शेजारची दोन बोलवा. पसारा होईल, आवाज होईल. खडू ओल्या फडक्यानं निघतो. वरच्या मजल्यावरच्या काकांची झोपमोड झाली आणि ते तणतणत खाली आलेच, तर त्यांनाही बसवून घ्या. चौघं असल्याशिवाय पट भरत नाही.