सात कोटींत सत्तावीसशेची घट

पाणीपट्टी मी भरली आणि ती जमा झाली दुसऱ्याच कोणाच्या खात्यावर. माझा ग्राहक क्रमांक ७४१८५२१७. पावतीवर छापून आला ७४१८२५१७. सांगलीतल्या त्या खिडकीपुढे पाच आणि दोन यांची अदलाबदल मी बोटाने दाखवत असतानाच, हळदीच्या अडतीतून थेट रांगेत आलेले, नखांपर्यंत पिवळे झालेले एक गृहस्थ माझ्या खांद्यावरून वाकले.

"चूक कुठं हाय, मास्तर?" असे म्हणत त्यांनी दोन्ही कागद काढून घेतले आणि माझ्याच पेनाने, माझ्याच बिलावर बेरीज मांडली. "पस्तीस. तीन न् पाच आठ. आता पावतीचं बघा. पस्तीस. आठच! दोन्ही शनीचेच. नंबर एकच हाय की!"

अंक कसेही फिरवले तरी त्यांची बेरीज बदलत नाही, ९ ने भागल्यावर उरणारी बाकीही तीच राहते आणि म्हणूनच अशा दोन संख्यांतल्या फरकाला ९ ने निःशेष भाग जातो, हे मी त्यांना शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले. येथे फरक २७०० होता. जमाखर्च जुळेना आणि फरकाला नवाने भाग गेला, की जुने दिवाणजी आधी उलटे पडलेले अंक शोधतात; तेव्हा निदान अडतीतला माणूस तरी माझ्या बाजूने उभा राहील, अशी माझी भाबडी आशा होती. त्यांनी एवढ्यातून फक्त २७०० ऐकले.

"सात कोटी एक्केचाळीस लाखाच्या मालात सत्तावीसशे? एवढी घट तर पोतं हलवतानाच पडतीया!"

खिडकीतल्या साहेबांनी मान डोलावली. ती मान मला अजून दिसते.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले, की (चारही अंक सारखे नसल्यास) जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ गाठता येते, हे दाखवले. माझे अंक एकदाच फिरले आणि मी कोठेच पोहोचलो नाही. अखेरचा उपाय म्हणून मी ११ ची कसोटी मांडली. उजवीकडून एकाआड एक अंक अधिक-उणे केले तर माझ्या क्रमांकाची बाकी ७ येते आणि पावतीवरच्या क्रमांकाची २; शेजारचे दोन भिन्न अंक उलटले की ही कसोटी चूक हटकून पकडते. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक तर अशाच चुका पकडण्यासाठी ठेवलेला असतो. येथेही असा एक अंक जोडला असता, तर संगणकाने पैसे घेण्यापूर्वीच हरकत घेतली असती. पण ती घ्यायची जबाबदारी अर्थातच ग्राहकावर, तीही लेखी.

"सोमवारी अर्ज द्या," साहेब म्हणाले, "आणि नंबर अक्षरी लिहा."

ज्यांची पाणीपट्टी मी भरली, त्या सद्गृहस्थांनी अद्याप कसलीही तक्रार नोंदवलेली नाही.