आधी त्याची भाषा बंद केलीत, आणि म्हणे विश्वनागरिक!

मामेबहिणीला मुलाबाळांसह परदेशात जाऊन चार महिने झाले, आणि तिने घरात आपली भाषा बंद केली. कारण काय, तर एक फॉरवर्ड: ‘लहानपणी देश बदललेली मुलं सहा महिन्यांत रुळतात, आपोआप विश्वनागरिक होतात. घरची भाषा तेवढी सोडा, नाहीतर गोंधळ होतो.’

भाषेचं आधी बोलू, कारण खरं नुकसान तिथे आहे. परवा व्हिडिओ कॉलवर आजीने तिच्या आठ वर्षांच्या मुलाला विचारलं, शाळेत आज काय केलंस? त्याने तोंड उघडलं, मग आईकडे पाहिलं. कुठल्या भाषेत बोलू, याची परवानगी हवी होती त्याला. शेवटी नुसतं ‘छान’ म्हणून सरकला. हा गोंधळ भाषेने केला की फॉरवर्डने? दोन भाषा बोलणारी मुलं एका वाक्यात दोन्ही मिसळतात, त्यात काही बिघडत नाही. आणि विश्वनागरिकत्वाची एवढी हौस असेल, तर संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार उघडा, कलम २९. मुलाच्या शिक्षणातून त्याचे आईवडील, त्याची स्वतःची भाषा आणि ओळख, राहता देश, मूळ देश आणि परक्या संस्कृती, या सगळ्यांबद्दल आदर रुजावा, असं तिथे एकाच पोटकलमात लिहिलंय. एक टाका, दुसरं घ्या, असं नाही.

सहा महिन्यांचं तर सोडाच. बोलण्यापुरती नवी भाषा दोनेक वर्षांत येते, अभ्यासाची भाषा बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात, हे कॅनडात भाषाशिक्षणाचे संशोधक जिम कमिन्स यांनी १९८१ मध्येच दाखवलं.

‘आपोआप’मध्ये थोडं तथ्य आहे, मान्य. डॉक्टरांचं बोलणं आईला समजावून सांगणाऱ्या पोराला दोन्ही बाजूंनी बघायची सवय लागतेच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम यांनी १९५० च्या दशकात आईवडिलांबरोबर परदेशात वाढणाऱ्या मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’ म्हटलं, पण त्या बघत होत्या भारतात कामासाठी आलेली अमेरिकन कुटुंबं. ती परत जाणारी होती. व्हिसाची मुदत कधी संपते हे पाठ असलेल्या मुलाला ‘तुला सीमाच नाहीत’ म्हणणं ही थट्टा झाली.

ताईला हे सगळं पाठवलं. उत्तरादाखल नुसता अंगठा आला. आजीला मात्र बजावलंय, रविवारी त्याला ‘छान’वर सोडू नकोस.