पेपालच्या भांडवली खर्चाचा आकडा खरा, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा

शेअरबाजाराच्या ग्रुपांवर आणि फ्रीलान्सरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज सारखा पुढे ढकलला जातोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्या-घेण्याची सेवा देणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये ९० कोटी ८० लाख डॉलर भांडवली खर्च, म्हणजे टिकाऊ मालमत्तेवरचा खर्च, केला, २०२३ मध्ये तो ६२ कोटी ३० लाखांवर आणला. जवळपास तिसरा हिस्सा छाटला. घसाऱ्याइतकीही, म्हणजे मालमत्तेची दरवर्षी हिशोबात धरतात त्या झिजेइतकीही, भर ती घालत नाही. व्हिसा ही कार्डांचं जाळं चालवणारी कंपनी खर्च वाढवतेय, पेपाल कापतेय, आणि वाचलेला पैसा बायबॅकमध्ये, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात, घालतेय. भारतातून पाय काढला तेव्हाच हे कळायला हवं होतं, आता पैसे अडकायच्या आत खातं बंद करा.

माझी भाची पुण्यात बसून परदेशी ग्राहकांसाठी डिझाइनची कामं करते. तिने हा मेसेज मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘मामा, बंद करू का?’ म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मेसेजमधले दोन्ही आकडे कंपनीच्या वार्षिक अहवालातलेच आहेत. प्रश्न आहे तो २०२१ पासूनच मोजायला का घेतलं याचा. करोनाच्या काळात ऑनलाइन खरेदी अचानक वाढली, तेव्हाचं ते सर्वांत चढं वर्ष. २०१९ मध्ये हाच खर्च ७० कोटी ४० लाख होता आणि २०२४ मध्ये ६८ कोटी ३० लाख. म्हणजे त्या पाच वर्षांत तो जवळपास जागच्या जागी राहिला. या काळात महसूल मात्र सुमारे १,७७७ कोटींवरून ३,१८० कोटी डॉलरवर गेला. त्यामुळे महसुलाच्या तुलनेत भांडवली खर्च चार टक्क्यांवरून दोनाच्या आसपास आला, हे मान्यच करायला हवं. पण मग एवढा वाढलेला धंदा चालतोय कशावर?

त्यासाठी हा आकडा येतो कुठून ते पाहावं लागतं. रोख प्रवाहाच्या पत्रकात गुंतवणुकीच्या भागात एक ओळ असते, मालमत्ता आणि यंत्रसामग्रीच्या खरेदीची. सर्व्हर, कार्यालयं, फर्निचर, आणि कंपनीने स्वतःसाठी लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा जेवढा भाग नियमाप्रमाणे मालमत्ता धरता येतो तेवढा. बस. तिच्या वरखाली ग्राहकांना दिलेली कर्जं, रोख्यांची खरेदी-विक्री असे इतके अवाढव्य आकडे आहेत की ही ओळ शोधायला कागदावर बोट ठेवून खाली उतरावं लागतं.

पेमेंट कंपनीचा खरा खर्च या ओळीत नसतोच. इंजिनिअरांचे पगार आणि यंत्रणा चालवण्याचा बराचसा खर्च नफा-तोटा पत्रकात ‘तंत्रज्ञान आणि विकास’ या मथळ्याखाली पडतो. पेपालचा हा खर्च २०१९ मध्ये सुमारे २०८ कोटी डॉलर होता, २०२३ मध्ये सुमारे २९७ कोटी. म्हणजे २०२३ मध्ये तो भांडवली खर्चाच्या चौपटीहून जास्त होता.

त्यातच पेपालने आपल्या यंत्रणेचा मोठा भाग गूगल क्लाउडवर, म्हणजे गूगलच्या भाड्याच्या सर्व्हरांवर, नेला. समजा, नाशिकच्या एखाद्या द्राक्ष निर्यातदाराने स्वतःचं शीतगृह बांधलं, तर ती रक्कम भांडवली खर्चात दिसेल. तेच शीतगृह त्याने हंगामापुरतं भाड्याने घेतलं तर ते चालू खर्चात जाईल. द्राक्षं दोन्ही वेळा तितकीच गार राहतात. पण वहीचं फक्त भांडवली खर्चाचं पान उघडणाऱ्याला वाटेल, याने धंदाच गुंडाळला.

दुसऱ्या कंपन्या विकत घेण्याचा खर्चही या ओळीत येत नाही, त्याची ओळ वेगळी. २०२० मध्ये हनी ही ऑनलाइन खरेदीत सवलतीचे कूपन शोधून देणारी कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरला घेतली, २०२१ मध्ये जपानची ‘आधी घ्या, नंतर पैसे द्या’ सेवा देणारी पेडी सुमारे २७० कोटींना.

घसाऱ्याच्या मुद्द्याचं उत्तर इथेच आहे. घसारा आणि तत्सम वजावट २०२३ मध्ये १०० कोटींच्या वर होती, भांडवली खर्चापेक्षा जास्त, हे बरोबर. पण त्यात अशा खरेदीतून आलेली ग्राहकयादी, ब्रँड, तंत्रज्ञान यांची वजावटही धरलेली असते. ग्राहकयादी झिजली म्हणून कोणी नवं यंत्र आणत नाही.

व्हिसाचं म्हणाल तर तिचा खर्च २०२१ मधल्या ७० कोटी ५० लाखांवरून २०२४ मध्ये सुमारे १२५ कोटींवर गेला आहे. पण व्हिसा स्वतःचं जाळं स्वतःच्या डेटा सेंटरांतून चालवते, तर पेपाल बऱ्याच अंशी कार्डांच्या आणि बँकांच्या जाळ्यांवरून पैसे फिरवते. या दोघींना एका तराजूत घालणं मला पटत नाही.

बायबॅकचं गणित तर साधी वजाबाकी आहे. भांडवली खर्चात वाचले साडेअठ्ठावीस कोटी. २०२३ चं बायबॅक सुमारे ५०० कोटींचं. ते या बचतीतून होणं शक्य नाही. भांडवली खर्च सर्वांत जास्त होता त्या २०२१ मध्येही कंपनीने ३०० कोटींहून अधिकचे शेअर परत घेतले होते.

काळजीच करायची तर वेगळी करावी, आणि ती मलाही वाटते. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे दोन हजार लोक कमी केले, जानेवारी २०२४ मध्ये आणखी नऊ टक्के कमी करायचं जाहीर केलं. तंत्रज्ञानावरचा खर्चही २०२२ मधल्या सुमारे ३२५ कोटींवरून पुढच्या वर्षी २९७ वर आला. माणसांच्या डोक्यावर चालणाऱ्या कंपनीत माणसं कमी होतात, तेव्हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ नाही.

आता भारत. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत पेमेंट बंद केली, परदेशातून येणारे पैसे चालूच ठेवले. वर्ष कोणतं ते बघा, भांडवली खर्च सर्वांत जास्त होता तेच. त्याच वर्षी बंगळुरू, चेन्नई आणि हैदराबाद इथल्या केंद्रांसाठी हजारावर इंजिनिअर घेण्याची घोषणाही झाली होती. खर्चकपातीशी याचा संबंध जोडायला जागाच नाही.

राहिली पैसे अडकण्याची भीती. आपल्याकडच्या नियमांमुळे भारतातल्या पेपाल खात्यात रक्कम साठवून ठेवता येत नाही, ती आपोआप बँक खात्यात वळती होते. भाचीला मी म्हटलं, आधी ॲप उघडून शिल्लक बघ. शून्य होती. सोमवारी आलेले बिलाचे पैसे केव्हाच तिच्या बँकेत पोचले होते.